गिझरचा व्हॉल्व्ह ठिबकतोय म्हणून त्याला डमी लावू नका

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात सातव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर तुमचा फ्लॅट आहे. २५ लिटरचा गिझर सहा वर्षं बिनतक्रार चालला. शॉवरला जोर नव्हता म्हणून दिवाळीच्या सुमारास गच्चीवर प्रेशर पंप बसवला, आणि तेव्हापासून गिझर लावला की खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. एका प्लंबरनं व्हॉल्व्ह दोनदा बदलला, तरी तेच. दुसरा म्हणतोय की तोंडाला डमी, म्हणजे बंद बूच, लावून टाकू. तिसरा म्हणतोय गिझरच बदला. तुम्ही विचारलंय, डमी लावला तर चालेल का?

नाही चालणार. कुणी आधीच लावला असेल तर आत्ता गिझरचा एमसीबी (वीजपेटीतला वीज तोडणारा खटका) खाली पाडा, पाणी पूर्ण गार होऊ द्या, डमी काढून घ्या आणि मग पुढचं वाचा. गिझरही बदलायची गरज मला दिसत नाही.

मी २८ वर्षं गिझर बसवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतोय. ही तक्रार मला दर हिवाळ्यात येते, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ती ‘व्हॉल्व्ह खराब आहे’ अशीच सांगितली जाते. खरा प्रश्न तो नसतो. पाणी तापलं की फुगतं. ते फुगलेलं जास्तीचं पाणी कुठे जाणार, हा खरा प्रश्न असतो. पंप बसायच्या आधी त्याला जायला एक वाट होती. आता ती बंद झाली, आणि उरलेली एकमेव वाट म्हणजे तो व्हॉल्व्ह. तो त्याचं काम करतोय.

आकडे सांगतो, म्हणजे अंदाज येईल. २० अंशांचं २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवलं तर ते साधारण ३८० मिलीलिटरनं वाढतं, म्हणजे घरचे तीन-साडेतीन कप चहा. ७५ अंशांपर्यंत नेलं तर ही वाढ ६०० मिलीलिटरपर्यंत जाते. तापमान जितकं वर, तितका पुढचा प्रत्येक अंश पाण्याला जास्त फुगवतो, हे लक्षात ठेवा. थर्मोस्टॅटकडे, म्हणजे ठरावीक तापमानाला गिझर बंद करणाऱ्या भागाकडे, येऊ तेव्हा ते कामाला येईल.

पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. हवेचा फुगा दाबला तर लहान होतो, पाणी होत नाही. जराही न ताणणाऱ्या भांड्यात पाणी गच्च भरून तोंड बंद केलं आणि तापवलं, तर ४० अंशांच्या आसपास एका अंशाला ८ बारच्या घरात दाब वाढतो (बार हे दाब मोजायचं माप). आपला गिझर आणि पाइप थोडेफार ताणतात, म्हणून प्रत्यक्षात इतक्या वेगानं वाढत नाही. पण तोंडं सगळी बंद असतील तर व्हॉल्व्ह उघडायच्या दाबापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. बाजारातले बरेचसे घरगुती गिझर ८ बारचे असतात आणि त्यांच्यासोबतचा व्हॉल्व्ह त्याच सुमारास उघडतो. ८ बार म्हणजे डोक्यावर ८० मीटर उंच पाण्याचा खांब. इतका दाब टाकीनं रोज सकाळी सोसायचा असतो.

आपल्या आजीच्या बंबाला हा प्रश्न कधी पडला नाही. वरून गार पाणी ओतायचं, तोटीतून गरम यायचं. तोंड कायम उघडं, त्यामुळे फुगलेलं पाणी आपोआप बाहेर. गच्चीवरच्या टाकीतून नुसत्या उतारानं पाणी येणाऱ्या घरात गिझरही बऱ्याच अंशी तसाच चालतो: वाढलेलं पाणी गार पाण्याच्याच पाइपातून उलटं वर सरकतं, टाकीत मिसळतं, कुणाला कळतही नाही.

मग तुमच्याकडे काय बदललं? तुमच्या गिझरला खाली मल्टिफंक्शन व्हॉल्व्ह असणार. त्यात दाब सोडणारी झडप असते आणि नॉन-रिटर्न झडपही असते, म्हणजे पाणी आत येऊ द्यायचं पण उलटं जाऊ द्यायचं नाही. नियमानं ती पहिल्या दिवसापासून वाट अडवायला हवी होती. मग सहा वर्षं ठिबकलं कसं नाही? माझ्या अनुभवात, बोअरचं किंवा टँकरचं क्षारयुक्त पाणी असेल तर त्या छोट्या झडपेत वर्षा-दोन वर्षांत खर, म्हणजे क्षारांचा थर, साठते, ती नीट बसत नाही, आणि पाणी हळूच मागे जात राहतं. कुठे झडपच काढून टाकलेली सापडते. तुमच्याकडे दोन्हींपैकी काहीतरी असावं. पंप बसवताना पंपाच्या तोंडाशी नवा एनआरव्ही, म्हणजे तशीच नॉन-रिटर्न झडप, घातला, तो घालावाच लागतो, नाहीतर पाणी फिरून टाकीतच जातं. वर प्लंबरनं गिझरचा व्हॉल्व्हही नवा बसवला, म्हणजे त्यातली झडपही आता चोख बंद होते. जुनी वाट दोन्ही ठिकाणी संपली. म्हणून व्हॉल्व्ह दोनदा बदलूनही काही फरक पडला नाही. नवा व्हॉल्व्ह जितका चांगला, तितका तो नेमानं ठिबकणार.

हे मी अंदाजानं सांगतोय, तुमचा गिझर मी पाहिलेला नाही. पण तुम्हाला घरच्या घरी खात्री करता येईल, पाना हातात न घेता.

रात्री गिझर बंद ठेवा, बटण नाही, एमसीबीच पाडा. व्हॉल्व्हच्या तोंडाखाली कोरडा मग ठेवा. सकाळी मगात पाणी असेल तर ते फुगल्यामुळे आलेलं नाही, कारण काही तापलंच नाही. तेव्हा एकतर झडपेत कचरा अडकलाय किंवा गार पाण्याचाच दाब जास्त आहे. सकाळी मग कोरडाच राहिला असेल तर पुढची पायरी. गिझर पूर्ण गार असताना चालू करा, कुणालाही गरम पाणी घेऊ देऊ नका, आणि दिवा विझेपर्यंत ठिबकणारं पाणी त्याच मगात जमा करा. २ किलोवॉटचा गिझर २५ लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला साधारण ३५ मिनिटं घेतो. मगातलं पाणी घरच्या मापानं मोजा. ३०० ते ६०० मिलीलिटरच्या आत असेल आणि दिवा विझल्यावर ठिबकणं थांबत असेल, तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे. लिटरच्या वर गेलं किंवा थांबलंच नाही, तर गोष्ट वेगळी. आणखी एक साधी खूण: ठिबकत असतानाच गरम पाण्याचा नळ बोटभर धारेनं उघडा. फुगल्यामुळे असेल तर ठिबकणं लगेच थांबतं, कारण जास्तीच्या पाण्याला दुसरी वाट मिळाली.

हे मोजणं मला उशिरा सुचलं. धंद्यात नवा असताना एका घरी मी व्हॉल्व्ह तीनदा बदलला आणि तिन्ही वेळा पैसे घेतले. तिसऱ्या वेळी त्या घरातल्या आजोबांनी खाली बाटली लावून ठेवली होती. ते म्हणाले, ‘रोज एवढंच येतं, कमी नाही, जास्त नाही. खराब वस्तू इतकी नेमानं वागते का?’ मी घरी जाऊन विचार केला आणि त्यांचं म्हणणं पटलं. दोन व्हॉल्व्हचे पैसे त्यांना परत दिले. तेव्हापासून ठिबकण्याच्या तक्रारीला जाताना माझ्या पिशवीत पान्यांबरोबर मापाचा मग असतो.

आता डमीबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुम्हाला तो सल्ला देणारा माणूस वाईट हेतूनं बोलला असेल असं मला वाटत नाही. डमी लावला की फरशी कोरडी दिसते, गिऱ्हाईक खूश होतं, महिनाभर काही होत नाही. पण ते तीन-चार कप पाणी नाहीसं होत नाही. ते पहिल्यांदा सगळ्यात अशक्त जागा शोधतं. बहुतेक वेळा गरम पाण्याचा नळ टपकायला लागतो, आणि मग लोक नळाचं वायसर बदलत बसतात. कधी गिझरची लवचीक पाइप फुटते, तीही नेमकी घरात कुणी नसताना. सीपीव्हीसी (गरम पाण्यासाठीचा प्लॅस्टिकचा) पाइपचंही तसंच आहे: पाणी जितकं गरम, तितका त्याचा दाब सोसायचा जोर कमी. साध्या तापमानाला २७ बारचा पाइप ८२ अंशांना सुमारे ७ बारचाच उरतो. आणि ही सगळी सांधेजोड टिकलीच, तर मार टाकीला बसतो.

असा एक गिझर मी स्वतः खाली उतरवला आहे. तीन वर्षांचाच होता. व्हॉल्व्हच्या तोंडात टेफ्लॉन टेप गुंडाळून लोखंडी डमी बसवलेला. टाकीचा तळ बाहेर फुगला होता आणि वेल्डिंगची शिवण एका बाजूनं उलगडली होती. थर्मोस्टॅट तपासला, तो ठणठणीत होता. म्हणजे रोज सकाळी ताण, रोज दुपारी सैल, असं हजार वेळा झालं आणि धातू थकला. घरातल्या बाई दूध उतू जातंय म्हणून स्वयंपाकघरात धावल्या होत्या. नाहीतर ते सगळं कढत पाणी त्यांच्या अंगावर पडलं असतं.

थर्मोस्टॅट चिकटला तर काय होतं हे त्याहून गंभीर आहे. गिझरमध्ये थर्मोस्टॅट असतो, त्यानंतर तो बिघडला तर वीज तोडणारा कटआउट असतो, बऱ्याच गिझरमध्ये वितळणारा फ्युजिबल प्लगही असतो. व्हॉल्व्ह हा या साखळीतला दाबाचा पहारेकरी आहे. दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. ८ बारला ते १७५ अंशांच्या आसपास उकळतं. अशी टाकी फुटली की त्या क्षणी दाब जातो आणि पाण्याचा काही भाग एकदम वाफ होतो, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. भिंती पाडणारा धमाका तो असतो. म्हणून या व्हॉल्व्हच्या तोंडाला डमी नाही, नळ नाही, कॉक नाही, आणि गिझर व व्हॉल्व्ह यांच्यामध्ये बंद करता येईल असं काहीही नाही. यात मी कुणाशीही तडजोड करत नाही, गिऱ्हाईक सुटलं तरी.

मग करायचं काय? यात थोडं तुमच्या घरावर अवलंबून आहे.

सगळ्यात सोपा आणि बहुतेक घरांना पुरेसा उपाय म्हणजे ठिबकू द्यायचं, पण नीट. व्हॉल्व्हच्या तोंडाला अर्ध्या इंचाची सीपीव्हीसी नळी जोडून ती भिंतीलगत खाली आणायची आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीच्या, वर चार बोटं उघडी सोडायची. नळीला सतत उतार हवा, मध्ये कुठे वर चढलेली नको. तिचं तोंड डोळ्यांना दिसलं पाहिजे, बादलीत बुडालेलं नको. साधी बागेची रबरी नळी वापरू नका, गरम पाण्यानं ती मऊ पडून मुडपते आणि वाट बंद होते. गिझर फॉल्स सीलिंगच्या वर असेल तर ही नळी हवीच. वर ठिबकलेलं पाणी दिसत नाही, महिन्यांनी प्लायवूड कुजल्यावर कळतं. रोज तीन-चार कप पाणी वाया जातं याचं वाईट वाटत असेल तर खाली बादली ठेवा, फरशी पुसायला होईल.

दुसरं, थर्मोस्टॅट ७५ वरून ६० वर आणा. ६०० मिलीलिटरची वाढ ३८० वर येते. फुगणं वरच्या अंशांत जास्त, हे मघाशी म्हटलं ते इथे कामाला आलं. वीजही वाचते, क्षारही कमी साठतात. याहून फार खाली मात्र नेऊ नका. टाकीत कोमट पाणी दिवसचे दिवस साठवून ठेवणं आरोग्याला चांगलं नाही.

तिसरं, दाब मोजून घ्या. जेट स्प्रेच्या पॉइंटवर प्रेशर गेज लावून पाच मिनिटांत होतं. तुम्ही वरच्या मजल्यावर आहात, गच्चीची टाकी तुमच्यापासून चारेक मीटर वर, म्हणजे उताराचा दाब जेमतेम ०.४ बार. त्यावर पंपाचा दोन-अडीच बार आला तरी तीनच्या आत राहतो, ते ठीक आहे. पण हाच प्रश्न वीस मजली टॉवरमधल्या तिसऱ्या मजल्यावरून कुणी विचारला असता तर मी आधी गेजच लावला असता. तिथे वरून ५० मीटरचा खांब असतो, म्हणजे ५ बार नुसते गार पाण्याचे. सोसायटीची प्रेशर कमी करणारी पीआरव्ही बिघडली असेल तर व्हॉल्व्ह रात्रीसुद्धा ठिबकतो, आणि तिथे दुरुस्ती इमारतीच्या पाइपांच्या शाफ्टमध्ये करायची असते, बाथरूममध्ये नाही.

आणि तुम्हाला ठिबकणं अजिबातच नको असेल, तर योग्य उपाय एकच: एक्स्पान्शन टँक. नारळाएवढं स्टीलचं भांडं, आत रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा. पाणी दबत नाही पण हवा दबते, म्हणून फुगलेलं पाणी तात्पुरतं तिथे जाऊन बसतं आणि नळ उघडला की परत येतं. तुमच्या गिझरला २ लिटरचा पुरेल. हिशोब असा: गार पाणी ३ बारला, आणि दाब ६ च्या वर जाऊ द्यायचा नाही असं ठरवलं, तर भांड्याच्या साधारण ४० टक्के जागा पाण्याला मिळते, म्हणजे २ लिटरमध्ये सुमारे ८०० मिलीलिटर. आपली गरज जास्तीत जास्त ६०० ची आहे.

हा टँक बसवताना दोन चुका सर्रास होतात. पहिली, जागा चुकते. तो नॉन-रिटर्न झडपेच्या गिझरकडच्या बाजूला हवा. झडपेच्या अलीकडे, पंपाच्या बाजूला लावला तर तो नुसता शोभेला राहतो, कारण फुगलेलं पाणी तिथवर पोचतच नाही. सोसायटीच्या हायड्रोन्यूमॅटिक पंपाला (सगळ्या इमारतीला दाबानं पाणी देणाऱ्या) मोठा प्रेशर टँक आहे, मग आम्हाला वेगळा कशाला, असं बरेच जण विचारतात. त्याचंही उत्तर हेच. म्हणून गिझरच्या गार पाण्याच्या तोंडावर पितळी टी (तीन तोंडांचा जोड) घालायची, एका फाट्याला टँक, दुसऱ्याला व्हॉल्व्ह. मध्ये कॉक नाही. गरम बाजूला लावू नका, रबर लवकर जातं. दुसरी चूक हवेची. टँकमधली हवा बसवण्याआधी, पाणी जोडलेलं नसताना, तुमच्या गार पाण्याच्या दाबाइतकी भरायची. त्याला गाडीच्या टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो, टायरचाच गेज चालतो. पंप २.५ बारला बंद होत असेल तर टायरच्या गेजवर ३६ पीएसआय. कारखान्यातून आलेली हवा तशीच ठेवली की टँक आधीच पाण्यानं भरून बसतो किंवा पाणी घेतच नाही, आणि मग ‘टँक लावूनही ठिबकतंय’ अशी तक्रार येते. वर्षातून एकदा हवा तपासा. टायरच्या व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आलं तर आतला पडदा फाटलाय, टँक बदला.

स्वतंत्र बंगला आणि नुसत्या उताराचं पाणी असेल तर गरम बाजूनं एक व्हेंट पाइप टाकीच्या पातळीच्या चांगला वर नेऊन उघडा सोडता येतो. सोलरच्या साध्या टाकीला तो असतोच. २०० लिटर पाणी २५ वरून ७० अंशांवर गेलं की जवळजवळ ४ लिटर वाढतं, ते तिथूनच सुटतं. पण तुमच्याकडे पंप आहे, त्यामुळे व्हेंट विसरा, पंप चालू झाला की त्यातून पाणी गच्चीवर उडेल. आणि इमारतीत सोलर असेल आणि उद्या कुणी त्याच्या साध्या टाकीआधी पंप जोडायचं म्हणालं, तर थांबवा. ती टाकी दाबासाठी बनवलेलीच नसते.

व्हॉल्व्हची एक सवय लावून घ्या. दर दोन-तीन महिन्यांनी, गिझर गार असताना, त्याची छोटी लिव्हर वर उचलून चार-पाच सेकंद पाणी वाहू द्या. झडपेतली खर निघून जाते. कधीच न हलवलेली झडप गरजेच्या वेळी उघडेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. जुनी झडप पहिल्यांदा उचलल्यावर नीट बसली नाही आणि ठिबकत राहिली, तर ती बदलायलाच हवी होती असं समजा.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: डमी असेल तर आज काढा, आज रात्री मगाची परीक्षा करा, उद्या तापतानाचं पाणी मोजा, थर्मोस्टॅट ६० वर आणून घ्या, नळी नहाणी ट्रॅपपर्यंत उतरवून घ्या. एवढ्यावर नव्वद टक्के काम होईल. एक्स्पान्शन टँक तुमच्या खुशीवर.

मोजल्यावर तीन गोष्टी कळवा: मगात किती पाणी आलं, गार असताना ठिबकतं का, आणि पंप किती दाबाला बंद होतो. पंपावरच्या पट्टीवर ते लिहिलेलं असतं. रात्री गार गिझर ठिबकत असेल तर मी वर सांगितलेलं कारण तुमच्याकडे लागू होत नाही, आणि मग आपण पंपाच्या प्रेशर स्विचपासून सुरुवात करू.